लक्षात राहणारी पात्रं आणि अभिनय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा आवडीने बघणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही ठिकाणी सिनेमांचे शेवट उघड होतात, त्याला इलाज नाही.

1. गाजलेलं पात्र आणि लक्षात राहिलेलं पात्र यात फरक काय? दोन्ही एकच ना?

नाही. गाजणं तिकीटबारीवर आणि त्या वर्षीच्या पुरस्कारांवर मोजता येतं. लक्षात राहण्याची कसोटी वेगळी. गोष्ट निम्मीअधिक विसरलेली असते, नटाचं नाव पटकन ओठांवर येत नाही, पण ते पात्र आत्ता समोर असतं तर काय म्हणालं असतं हे आपण छातीठोकपणे सांगतो. धनंजय मानेला उद्या पोलिसांनी अडवलं तर तो कुठल्या धाटणीची थाप मारेल, हे 'अशी ही बनवाबनवी' (1988) पाहिलेला कोणीही सांगेल. सिनेमात नसलेल्या प्रसंगातही पात्र चालूबोलू लागलं की ते टिकलं असं समजावं. याउलट कित्येक सुपरहिट सिनेमांचे नायक जॅकेट आणि गॉगलसकट आठवतात, पण हा माणूस अमुक वेळी कसा वागेल असं विचारलं तर आपण गप्प. तिथे आपल्याला नट आठवत असतो, पात्र नाही.

2. असं पात्र घडतं कशामुळे? थोडक्यात सांगा.

माणसाला हवं असतं एक आणि तो वागतो भलतंच. ही ओढाताण जिथे डोळ्यांना दिसते, तिथे पात्र मनात घर करतं. शूर, प्रेमळ, प्रामाणिक अशी गुणांची यादी जोडून ते होत नाही.

'संत तुकाराम' (1936) मधली जिजाई बघा. ती नवऱ्याच्या भजनाला नावं ठेवते, त्या काळ्या देवाने संसार बुडवला म्हणून तोंडाचा पट्टा सोडते, आणि मुलगा आजारी पडला की त्याच विठ्ठलाला जाब विचारायला थेट देवळात शिरते. सिनेमाभर देवाला शिव्या घालणारी ही बाई देवाशी सगळ्यांत सलगीने बोलते. गौरी यांनी ती भूमिका करताना भांडण वेगळं आणि माया वेगळी असं काही ठेवलेलं नाही. दोन्ही एकाच पट्टीत, एकाच श्वासात येतात. जवळजवळ नव्वद वर्षं झाली, तरी ती बाई पडद्यावर आली की आपण सावरून बसतो.

ज्या पात्रांत अशी ओढाताण दिसतच नाही त्यांचं काय, हा रास्त प्रश्न आहे. तो 16व्या प्रश्नात घेतला आहे.

3. खरं श्रेय कोणाचं? लेखकाचं की नटाचं?

एक उदाहरण बरंच काही सांगून जातं. भाड्याच्या खोलीसाठी मित्रांनी बायकांचे कपडे घालून जोडपी असल्याचं नाटक करायचं, ही कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (1966) मध्ये होती. तो सिनेमा आज किती जणांना आठवतो? 'बनवाबनवी' त्याच कल्पनेवर उभा आहे आणि त्यातले संवाद लोक अजून तोंडपाठ म्हणतात. म्हणजे कथाकल्पना पुरेशी नसते.

पण मग सगळं नटांनी केलं म्हणावं तर तेही खरं नाही. वसंत सबनीसांचे संवाद बाजूला काढा आणि उरतं ते बघा. घरमालक सरपोतदार धनंजयला औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी करतात. औषध आणणारा माणूस वारला, असं उत्तर मिळतं. मग पैशांचं काय? तर ते सत्तर रुपयेही वारले. कागदावर हा शाब्दिक विनोद आहे, बरा आहे. अशोक सराफ तो म्हणतात तेव्हा चेहऱ्यावर खरोखर सांत्वनाला आलेल्या माणसाचा भाव असतो. डोळा मारत नाहीत, ओठ दाबत नाहीत, हशासाठी थांबत नाहीत. धनंजयच्या लेखी त्या क्षणी सत्तर रुपये खरंच निवर्तलेले असतात. समोर सुधीर जोशींचा चेहराही महत्त्वाचा, कारण हे ऐकून राग यावा की दुःख व्हावं हे त्या घरमालकाला ठरवता येत नाही.

लेखक दार करून देतो, नट त्यातून कसा आत येतो ते ठरवतो. कधी नट दारही बदलतो. 'ब्लेड रनर' (1982) च्या शेवटी मरणाऱ्या यंत्रमानवाचं जे प्रसिद्ध स्वगत आहे, ते रुटगर हाउअरने लिहिलेल्यापेक्षा बरंच छाटलं आणि शेवटची ओळ स्वतःची घातली. छाटण्याची अक्कल जास्त महत्त्वाची होती, असं माझं मत.

4. जेमतेम पाच-दहा मिनिटांची भूमिकाही कायमची लक्षात राहते. हे कसं काय?

पडद्यावरची मिनिटं आणि मनातली जागा यांचा हिशेब कधीच जुळत नाही. 'नेटवर्क' (1976) मध्ये बिअॅट्रिस स्ट्रेट जेमतेम पाच मिनिटं दिसते आणि साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर घेऊन जाते. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (1991) मध्ये अँथनी हॉपकिन्स अर्धा तासही पडद्यावर नाही आणि त्याला ऑस्कर मिळालं ते मुख्य अभिनेत्याचं. 'शोले' मध्ये सांभाच्या वाट्याला तीनच शब्द आले. मॅकमोहनला पुढे जन्मभर लोकांनी सांभा म्हणूनच ओळखलं.

अशा भूमिकांत पात्र नसतानाही त्याचीच चर्चा चालू असते, ही पहिली गोष्ट. हिचकॉकच्या 'रिबेका' (1940) मध्ये रिबेका एकदाही दिसत नाही, कारण ती आधीच मेलेली आहे. घरातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक नोकर तिची आठवण काढतो. जी नायिका सतत आपल्यासमोर आहे, तिला मात्र सिनेमाभर नावच नाही. 'सामना' मधल्या मारुती कांबळेचंही तेच. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकरांनी त्याला फारसं दाखवलंच नाही, त्याचं काय झालं हा प्रश्न तेवढा गावभर फिरवला. तो प्रश्न सिनेमातून निसटून भाषेत आला, आणि सिनेमा न पाहिलेले लोकही तो विचारतात.

दुसरी गोष्ट म्हणजे छोट्या भूमिकेत पात्र एका निर्णायक प्रसंगातच भेटतं. त्याचा कंटाळवाणा भाग आपल्याला बघावा लागत नाही.

5. एंट्रीचं महत्त्व खरंच एवढं असतं का, की तो नुसता चाहत्यांचा लाड?

लाड असतोच, पण चांगली एंट्री पात्राची ओळख करून देते. गब्बरची सुरुवात चेहऱ्यापासून होत नाही. सिनेमा सुमारे तासभर पुढे गेलेला असतो, नाव कानावर पडलेलं असतं. मग खडकावरून चालणारे बूट, हातातून लोंबणारा आणि दगडावर घासत जाणारा पट्टा, त्याचा तो खरखर आवाज, आणि मान खाली घालून उभी असलेली तीन माणसं. चेहरा नंतर. तोवर भीती कशी असते ते आपण त्या तिघांकडून शिकलेलो असतो.

'द थर्ड मॅन' (1949) मध्ये हॅरी लाइमबद्दल तासभर सगळे बोलतात आणि तो मेला असं आपण धरून चालतो. मग अंधाऱ्या दारात एक मांजर कोणाच्या तरी बुटांशी घुटमळतं, समोरच्या खिडकीत दिवा लागतो, आणि ऑर्सन वेल्सच्या चेहऱ्यावर पकडला गेलेल्या खोडकर पोरासारखं हसू असतं. एवढ्यात कळतं की हा माणूस गोड आहे आणि त्याच्यावर विश्वास टाकता येणार नाही. स्लो मोशन, वारा आणि ढोलताशे लावलेल्या एंट्रीत नटाचा भाव कळतो, पात्राचा पत्ता लागत नाही.

6. खलनायकच जास्त का आठवतात?

कारण त्यांना काय हवं ते स्पष्ट असतं आणि ते मिळवायला ते स्वतः हालचाल करतात. नायक बहुतेक वेळा त्यांनी केलेलं निस्तरत असतो. शिवाय खलनायक करणाऱ्या नटाला आवडण्याची काळजी नसते, त्यामुळे तो मोकळा असतो. निळू फुले पाटील किंवा साखरसम्राट रंगवायचे तेव्हा आवाज चढवायची त्यांना गरजच पडत नसे. सत्ता हातात असलेला माणूस ओरडत नाही, त्याच्या हळू बोलण्याकडे सगळे कान लावून असतात, हे त्यांना नेमकं माहीत होतं. 'सामना' मधला त्यांचा हिंदुराव तर काही वेळा मास्तरशी प्रेमानेच वागतो. तिथे जास्त भीती वाटते.

'द गॉडफादर' (1972) मध्ये मार्लन ब्रँडोचा डॉनही असाच. पहिल्या प्रसंगात एक माणूस त्याच्याकडे न्याय मागतोय आणि हा मांडीवरचं मांजर कुरवाळतोय. ते मांजर पटकथेत नव्हतं, स्टुडिओच्या आवारात भटकणारं होतं. हाताने माया आणि तोंडाने धमकी, असं एका चौकटीत बसलं. 2ऱ्या प्रश्नातली ओढाताण ती हीच.

7. दमदार संवाद असला की पात्र अजरामर होतं, बरोबर ना?

अर्धं बरोबर. 'शोले' च्या संवादांची वेगळी रेकॉर्ड निघाली आणि ती धो धो खपली, म्हणजे संवादांचं बळ नाकारण्यात अर्थ नाही. पण एकट्या वाक्यात फारसं काही नसतं. 'दीवार' (1975) मधली आईबद्दलची ओळ घ्या. तीत काव्य नाही की शब्दांचा खेळ नाही. ती लागते कारण तिच्या आधी अमिताभ बच्चन बंगला, गाडी, बँक बॅलन्स अशी मोठी यादी चढत्या आवाजात म्हणून जातो आणि शशी कपूर जरा थांबून, आवाज न चढवता चार शब्दांत उत्तर देतो. यादी नसती तर ती ओळही नसती. संवाद फेकणाऱ्याचं कौतुक होतं आणि त्याला उंचवटा बांधून देणाऱ्याचं होत नाही, ही जुनी तक्रार आहे आणि खरी आहे.

8. प्रसिद्ध संवाद आम्ही चुकीचे म्हणतो असं ऐकलं. खरं का?

हो, आणि सर्रास. 'अरे ओ सांभा, कितने आदमी थे' असं गब्बर कधीच म्हणत नाही. किती माणसं होती हे तो कालियाला विचारतो, सांभाला विचारतो ते सरकारने ठेवलेल्या इनामाबद्दल. लोकांनी दोन वाक्यं जोडून एक केलं. 'कॅसाब्लांका' (1942) मधली सॅमला पुन्हा वाजवायला सांगणारी ओळ ज्या शब्दांत म्हटली जाते, त्या शब्दांत ती सिनेमात नाही. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (1980) मध्ये डार्थ व्हेडर 'ल्यूक, मी तुझा बाप आहे' असं म्हणत नाही, तो 'नाही, मी तुझा बाप आहे' म्हणतो.

नक्कल करणाऱ्याला समोरच्याला संदर्भ पटकन द्यायचा असतो, म्हणून तो नाव घालतो, वाक्य गोल करतो. ती दुरुस्त आवृत्तीच पुढे चालते. पात्र टिकल्याची ही खूण मानायला हरकत नाही, कारण लोक त्याच्या वतीने बोलू लागलेले असतात.

9. नुसत्या चेहऱ्याने अभिनय होतो असं म्हणतात. मग एडिटिंगची करामत किती?

1920च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्हने एक प्रयोग केल्याचं सिनेमाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. नट इव्हान मोझुखिनचा एकच निर्विकार चेहरा त्याने सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या दृश्यांना जोडला. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, शोक आणि वासना दिसली म्हणे. मूळ फिल्म हाताशी नाही, पण तत्त्व कोणत्याही एडिटिंग टेबलावर आजही पडताळता येतं.

यावरून नट काहीच करत नाही असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. तो चुकीचा आहे. कोऱ्या चेहऱ्यावर प्रेक्षक फक्त ढोबळ भावना चढवू शकतो, दुःख किंवा भूक. 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (1928) मध्ये दिग्दर्शक ड्रायरने फाल्कोनेतीचा चेहरा सिनेमाभर अगदी जवळून दाखवला आहे. त्यात भीती आहे आणि त्या भीतीची लाजही आहे. न्यायाधीश काय म्हणतोय ते समजून घेताना भुवयांमध्ये पडणारी आठी आहे. असलं काही सूपच्या वाटीमुळे येत नाही.

10. भूमिकेसाठी वजन वाढवणं, महिनोन्‌महिने त्या पात्रासारखं जगणं, याचा उपयोग होतो का?

नटाला होत असेल. 'रेजिंग बुल' (1980) साठी रॉबर्ट डी नीरोने जवळपास 27 किलो वजन वाढवलं, त्यासाठी चित्रीकरण काही महिने थांबवलं. त्या वजनाची बातमी झाली. सिनेमात मात्र आतून काहीतरी हलवतो तो कोठडीत भिंतीवर डोकं आणि मुठी आपटणारा माणूस, आणि त्याची बातमी होत नाही. प्रसिद्धी खात्याला किलो मोजता येतात, म्हणून किलोंबद्दल बोललं जातं. नटाने काय सोसलं हे माहीत नसतानाही काम भिडतं का, एवढंच बघावं.

11. ओव्हरअॅक्टिंग आणि मोठा अभिनय यातला फरक कसा ओळखायचा?

आवाजाच्या पट्टीवरून ओळखायला जाल तर फसाल. काही पात्रं मुळातच मोठ्याने जगणारी असतात. 'नटसम्राट' मधले गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट आहे, तो घरातही प्रेक्षकांसाठीच बोलतो. 1970मध्ये रंगभूमीवर डॉ. श्रीराम लागूंनी आणि 2016च्या सिनेमात नाना पाटेकरांनी ते मोठेपण ठेवलं, कारण ते गणपतरावांचं आहे.

मी स्वतः एक बघतो: नट समोरच्याचं ऐकतोय का? ओव्हरअॅक्टिंग करणारा समोरचा बोलत असताना आपली पाळी यायची वाट बघतो. मोठा अभिनय करणाऱ्याचा चेहरा समोरच्याच्या वाक्याच्या मध्यावरच बदलू लागतो. आवाज बंद करून दोन मिनिटं बघितलं की हे उघडं पडतं. संयत अभिनयालाही हीच कसोटी लावा. नुसतं मंद पुटपुटणं आणि शून्यात बघणं यालाही हल्ली फार मान मिळतो. तीही एक प्रकारची ओव्हरअॅक्टिंगच आहे, फक्त उलट्या दिशेची.

12. कधीच अभिनय न केलेली माणसं इतकी सुंदर कामं कशी करतात? मग प्रशिक्षणाचा काय उपयोग?

'बायसिकल थीव्ह्ज' (1948) चा नायक लाम्बेर्तो माजोरानी कारखान्यातला कामगार होता. 'पथेर पांचाली' (1955) मधल्या लहानग्या अपूने त्याआधी सिनेमात काम केलं नव्हतं. 'फँड्री' मधला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, तोही नवखाच.

'फँड्री' तला डुकरं पकडण्याचा प्रसंग आठवा. शाळेतली मुलं बघतायत, जब्या आडोसा शोधत लपायला बघतोय, बाप त्याला हाका मारतोय. डुक्कर हाती लागणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब होतं तिथे ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. नागराज मंजुळे यांनी इथे मुलाला 'अपमान दाखव' असं सांगायची गरजच ठेवलेली नाही. त्याला फक्त उभं राहायचंय आणि बघणाऱ्यांकडे बघायचं नाहीये. प्रसंग इतका नेमका रचला की साध्या कृतीलाही वजन येतं.

प्रशिक्षण लागतं ते दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या भूमिकेला, जेव्हा पात्र आपल्यासारखं नसतं. तेच भाव विसाव्या टेकला ताजे आणणं हेही शिकलेल्यालाच जमतं. माजोरानीला नंतर नट म्हणून फारसं काही हाती लागलं नाही, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

13. बाईची पात्रं त्या मानाने कमी का आठवतात?

कारण त्यांना करायला कमी दिलेलं असतं. वाट बघणं, रडणं, समजून घेणं या सगळ्या प्रतिक्रिया आहेत. ज्या ठिकाणी लेखकाने बाईला निर्णय दिला तिथे ती हमखास आठवते. 'कुंकू' (1937) मध्ये शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायलाच नकार देते. 'उंबरठा' (1982) मध्ये स्मिता पाटीलची सुलभा घराबाहेर पडते, परत येते आणि पुन्हा निघते. दुसऱ्यांदा निघताना तिच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नाही. 'सैराट' (2016) ची आर्ची बुलेट चालवते म्हणून प्रसिद्ध झाली. मला ती उत्तरार्धात, परक्या शहरात, स्वतःच्या निर्णयाची किंमत मोजताना जास्त पटते.

'एलियन' (1979) ची पटकथा लिहिताना सगळी पात्रं स्त्री किंवा पुरुष कोणीही करू शकेल अशी सूचना लेखकांनी घातली होती. त्यातून सिगर्नी वीव्हरची रिप्ली आली. बाई म्हणून वेगळं काही लिहिलं नाही, म्हणून तिच्या वाट्याला कामं आली. ही गोष्ट पटकथाकारांना टोचायला हवी.

14. तेच पात्र वेगवेगळ्या नटांनी केलं तर खरं कोणाचं?

पात्राचा गाभा घट्ट असेल तर सगळ्यांचं. 'द गॉडफादर' मधला डॉन, व्हितो कॉर्लिओने, याच्यासाठी ब्रँडोलाही ऑस्कर मिळालं आणि तरुणपणीच्या व्हितोसाठी डी नीरोलाही. जोकरसाठी हीथ लेजर आणि वाकीन फीनिक्स या दोघांनाही. दोघांचे जोकर एकमेकांना ओळख दाखवणार नाहीत इतके निराळे आहेत. देवदास प्रमथेश बरुआ, सैगल, दिलीपकुमार, शाहरुख खान अशा हातांतून गेला. बरुआंच्या देवदासचं छायाचित्रण करणारे बिमल रॉय, त्यांनीच 1955चा देवदास दिग्दर्शित केला.

15. आपटलेल्या सिनेमांतली पात्रं नंतर कशी काय लोकप्रिय होतात?

पुन्हापुन्हा दिसल्याने. 'अंदाज अपना अपना' (1994) थिएटरात चालला नाही, टीव्हीने आणि व्हिडिओने तो घराघरात नेला. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (1946) ची कथा तर सरळ कायद्याची आहे. 1974मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्ही केंद्रांना तो जवळपास फुकट दाखवता येऊ लागला आणि पाठ होईपर्यंत लोकांनी तो बघितला. पण दिसत राहणं ही फक्त संधी. रोज दाखवूनही कोणाला काही न आठवणारे सिनेमे चिक्कार आहेत. मीमचंही असंच. तिथे एखादा हावभाव जगतो, पात्र जगेलच असं नाही.

16. गब्बरला ना भूतकाळ, ना दुविधा. तुमची 'ओढाताण' तिथे कुठे आहे?

त्याच्यात नाही, त्याच्या आसपासच्यांत आहे. गब्बर बदलत नाही, तो इतरांना उघडं पाडतो. तीन गोळ्या हवेत, उरलेल्या तीन, चक्र फिरवलेलं पिस्तूल, तीनदा नुसता खटका. तिघेही वाचतात, गब्बर हसतो, हळूहळू सगळी टोळी हसू लागते, ते तिघेही हसतात. मग गोळ्या. प्रसंगाचा कणा म्हणजे मरणाच्या दारात उभं राहून खुशामतीचं हसणारी ती तीन माणसं, त्यात विजू खोटेंचा कालिया. अमजद खानने त्या हसण्याची लय हातात ठेवली आहे. ही भूमिका आधी डॅनीकडे होती, अफगाणिस्तानातल्या 'धर्मात्मा' च्या चित्रीकरणामुळे त्याला ती सोडावी लागली आणि मोठ्या भूमिकांचा अनुभव नसलेला नट आला. प्रेक्षकाला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, हेही पथ्यावर पडलं.

'संत तुकाराम' मधल्या विष्णुपंत पागनीसांचं शांत असणं असंच जिजाईच्या आदळआपटीमुळे दिसतं. सपाट पात्राला खडबडीत शेजारी लागतो.

17. शरीर एकाचं, आवाज दुसऱ्याचा. मग अभिनय कोणाचा मानायचा?

दोघांचा, आणि कधी तिसऱ्याचाही. 'स्टार वॉर्स' (1977) मध्ये डार्थ व्हेडरच्या पोशाखात डेव्हिड प्राऊज होता, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा. 'द एक्सॉर्सिस्ट' (1973) मध्ये मुलीच्या तोंडून येणारा सैतानी आवाज मर्सिडीज मॅककेम्ब्रिजचा. 'झपाटलेला' (1993) चा तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाशिवाय निम्मा राहील, आणि रामदास पाध्येंच्या हातांशिवाय तो नुसता लाकूड-कापड आहे. पुरस्कारांच्या याद्यांना असं वाटून घेतलेलं श्रेय झेपत नाही, म्हणून ही कामं मागे पडतात.

18. एकाच भूमिकेत नट अडकतो. हे यश की शिक्षा?

नटागणिक वेगळं. अँथनी पर्किन्सने 'सायको' (1960) नंतर खूप धडपड केली आणि शेवटी नॉर्मन बेट्सच्या आणखी तीन सिनेमांत काम केलं, त्यातला एक स्वतः दिग्दर्शित केला. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, 1936नंतर लोकांनी त्यांना तुकोबाच मानलं, आणि त्यांनीही त्याविरुद्ध झगडा केला नाही. निळू फुले पडद्यावर बायकांवर वाईट नजर ठेवणारे आणि प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलातून आलेले समाजवादी कार्यकर्ते. लोकांच्या शिव्या म्हणजे कामाची पावती, असं ते धरून चालले.

19. मेलेल्या नटाला संगणकाने पुन्हा पडद्यावर आणलं तर तो अभिनय त्याचा का?

2016च्या 'रोग वन' या 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या सिनेमात पीटर कुशिंग हा नट दिसला. तो वारला 1994मध्ये. प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर गाय हेन्री हा नट होता, त्याच्यावर कुशिंगचा चेहरा चढवला गेला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मधल्या गॉलमशी याची तुलना केली जाते ती मला मान्य नाही. 2002मध्ये अँडी सर्किसने गॉलम केला तेव्हा चेहरा खोटा असला तरी कुठे थबकायचं, कुठे चाचरायचं, कुठे स्वतःशीच खोटं बोलायचं हे ठरवणारा माणूस जिवंत होता आणि ते निर्णय त्याचे होते. 'रोग वन' मधले निर्णय हेन्रीचे आहेत. कुशिंगचा फक्त चेहरा आहे, त्यामुळे ती भूमिका हेन्रीच्या नावावर मांडावी. पूर्णपणे संगणकानेच ठरवलेला अभिनय आला तर तो कोणाच्या नावावर मांडायचा, याची पंचाईत आहेच.